ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली

फिटरच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता वाकत नाहीत. ती बोटं मी मोडली. पाण्याच्या स्टीलच्या बाटलीने, भर जत्रेत, दिवसाढवळ्या, दोनतीनशे माणसांच्या देखत. कुणी विचारलं तर तो "मशीनमध्ये सापडली" असं सांगतो. मी तिथे असले तर त्याला मध्येच तोडते आणि खरं काय ते सांगते. माझी अब्रू झाकायला मी त्याला सांगितलेलं नाही.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कागदाच्या गिरणीत फिटर. घरीदारी त्याला सगळे फिटरच म्हणतात, माझी बहीणसुद्धा. मी शिवणकाम करते, एकटी राहते, आणि माझी जीभ माझ्या कात्रीपेक्षा जास्त चालते हे मला ठाऊक आहे. त्याचं उलट. त्याच्या तोंडातून एक शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट सोडवण्याइतकी मेहनत. पण हात मात्र तयार. आधी हात, मग तोंड, अशी त्या माणसाची घडणच होती.

गिरणीत हीच त्याची किंमत होती. तिथे माणसापेक्षा जाड रोलर एकमेकांना घासून फिरत असतात, आणि त्यांना कागद आणि माणूस यातला फरक कळत नाही. आवाज जरा बदलला की फिटर आधी स्विच पाडायचा, काय झालं ते नंतर सांगायचा. कधी कधी सांगायचाही नाही. मशीनमध्ये हात घालण्याआधी प्रत्येकाने स्विचच्या दांड्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्या अंगावर ठेवायची, असा तिथला नियम. ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली. खुद्द मालक आला तरी दुसऱ्याने ते काढायचं नाही. फिटरचं कुलूप लाल, त्यावर पांढऱ्या रंगात सात आकडा. इतरांच्या खिशात रुमाल असतो तसं ते सुट्टीच्या दिवशीही त्याच्या खिशात असायचं. किल्ली बुटाच्या नाडीत ओवून गळ्यात.

त्याला काम शिकवणारा म्हातारा मिस्त्री एकदा दोन रोलरच्या मध्ये हात घालून बसला होता. स्विचला कुलूप होतं. पण पाळी संपत आलेली, माल निघायची घाई, म्हणून एकाने करवतीने ते कुलूप कापलं आणि स्विच चढवला. मिस्त्रीचा हात खांद्यापर्यंत आत गेला. फिटर तीन पावलांवर होता. त्याने स्विच पाडला, मिस्त्रीला बाहेर ओढला, जेवढा राहिला होता तेवढा, आणि मग वळून करवतवाल्याचे पुढचे दोन दात पाडले. ही गोष्ट बहिणीने मला लग्नाआधी मोठ्या कौतुकाने सांगितली. मीही कौतुकानेच ऐकली. दात पाडणारा हात रोज संध्याकाळी घरीच येणार, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

पहिली थप्पड मिक्सरच्या वेळची. बहीण प्लग न काढता भांड्यात बोटं घालून पुसत होती. फिटरने काही न बोलता तिच्या कानाखाली आवाज काढला, मग प्लग काढला, मग म्हणाला, "तुझ्या भल्यासाठीच." दुसरी थप्पड नळ उघडा राहिला म्हणून. तिसऱ्या वेळी काय झालं होतं ते दोघांनाही सांगता येईना. पहिलीला कारण होतं, दुसरीला निमित्त होतं, तिसरीला तेही नव्हतं. तिसरीत तिचा ओठ फाटला, मुलांसमोर.

त्या दिवशी मी शिवणयंत्र उचलून त्यांच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं आणि पहाऱ्याला बसले. तोवर त्याला अहोजाहो करायचे, त्या दिवसापासून अरेतुरेवर आले. सगळ्यांना जेवायच्या टेबलाभोवती बसवलं आणि सांगितलं, "कारण काहीही असो, या घरात जो हात उचलेल, तो त्याच दिवशी घराबाहेर. तू पुन्हा उचललास तर मी हिला आणि पोरांना घेऊन जाणार, आणि तुला ती दिसायची नाहीत."

फिटरने हात टेबलाखाली घेतले. मग म्हणाला, "बरं."

ठमीने नियम पुन्हा म्हणवून घेतला, पाठ करायला. ठमी सहा वर्षांची. ही पोर वकिलाच्या पोटी जन्मायची, चुकून फिटरच्या पोटी आली. तिच्या पाठचा बोका चार वर्षांचा, खाणं दिसेल तिथे घुटमळणारा. त्याला नियमाशी घेणंदेणं नव्हतं.

तीन महिने फिटरने शब्द पाळला. राग आला की दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहायचा, मान लाल, कानशिलं फुगलेली. मी एक डोळा सुईवर आणि एक त्याच्यावर ठेवून होते. खरं सांगायचं तर त्याचा हात कधी सुटतो याची मी वाटच बघत होते. जाऊन सांगायचं होतं ना जगाला, की बघा, मी म्हणत नव्हते?

जत्रेला जायचं बहिणीने काढलं. रविवार, दुपारची वेळ, गावाबाहेरच्या मैदानात धुरळा आणि माणसं. जत्रा म्हणजे तरी काय, तिकीट काढून केलेली मारामारी. एकीकडे डबे रचलेले, चेंडू मारून पाडा. एकीकडे फुगे, बंदुकीने फोडा. एकीकडे रबरी मोटारी, एकमेकांवर आदळा. बोक्याने चेंडू मारला तो डब्यांना सोडून दुकानदाराच्या नाकावर. नाकातून रक्त आलं तरी तो बिचारा हसत होता, धंद्याची वेळ होती.

रबरी मोटारींच्या रांगेत एका दांडग्याने ठमीला कोपराने बाजूला सारलं. ती पडली, गुडघा सोलला. मी फिटरकडे पाहिलं. त्याचे हात मागे गेले. तो त्या दांडग्याला म्हणाला, "लहान आहे ती. जपून." एवढंच. दांडगा हसला आणि मोटारीत जाऊन बसला. बहिणीने माझ्याकडे अशी नजर टाकली, की बघ. मी बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायले.

मग आकाशपाळणा. बारा पाळणे, प्रत्येकाला वेगळा रंग. पाळणेवाला एक तगडा माणूस, ओठात विडी, हात दांड्यावर. ठमी आणि बोका पिवळ्यात बसले. आम्ही तिघं खाली कठड्याला टेकून उभे होतो. गाणी कानठळ्या बसवत होती.

दुसऱ्या फेरीला फिटरने मान तिरपी केली. तिसऱ्या फेरीला तो कठड्यापासून दूर झाला.

"टक् वाजतंय," तो म्हणाला.

मला काही ऐकू येत नव्हतं. पण तो बघत होता पिवळ्याकडे. पाळणा दोन बाजूंनी दोन जाड बोल्टांवर लोंबतो आणि बोल्ट सरकू नये म्हणून त्याच्या टोकात वाकवलेली पिन असते, हे मला आता माहीत आहे. पिवळ्याच्या एका बाजूची पिन नव्हती. वरून खाली येताना दर वेळी बोल्ट जरासा बाहेर येत होता.

आणि मशीनच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने आधी तोंड चालवलं. माझ्यासाठी. माझ्या त्या नियमासाठी. तो पाळणेवाल्याकडे गेला, हात मागे, आणि म्हणाला, "पिवळ्याचा बोल्ट सुटतोय. तो खाली आला की थांबवा."

"फेऱ्या संपल्या की उतरतील," पाळणेवाला म्हणाला.

"संपेपर्यंत राहायचा नाही."

"दहा वर्षं चालवतोय मी. कुठले इंजिनियर तुम्ही?"

फिटर माझ्याकडे आला. चौथी फेरी चालू होती. "ताई, तुम्ही सांगा त्याला. तुम्हाला बोलता येतं."

मला त्याची मान लाल दिसली, कानशिलं फुगलेली दिसली, आणि मनात आलं, आता येतोय हा मूळ वळणावर. मी म्हणाले, "आज एक दिवस तरी गिरणी घरी ठेव. पोरं हसतायत ते बघ."

बहीण म्हणाली, "ताई, आवाजाच्या बाबतीत तो चुकत नाही."

"तुझ्या बाबतीत चुकला तेवढं पुरे झालं," मी म्हणाले. बोलण्यात कुणी मागे हटवलं नाही मला कधी.

फिटर वळला. पुढचं सगळं चारपाच श्वासांत झालं. त्याने पाळणेवाल्याला खांद्याने बाजूला ढकललं, खांबावरच्या पेटीतला मोठा स्विच पाडला, खिशातून लाल कुलूप काढलं आणि स्विचच्या भोकात अडकवून दाबलं. गाणी बंद पडली. चाक कुरकुरत अर्धा वळसा गेलं आणि थांबलं. पिवळा पाळणा थेट शेंड्यावर.

तिथेच तो चुकला. पुढे कितीतरी दिवसांनी त्यानेच मला सांगितलं, "गिरणीत आधी बंद करायचं, मग विचार करायचा. गिरणीत वर पोरं नसतात."

मैदान एकदम शांत झालं आणि त्या शांततेत वरून बारा पाळण्यांतली मुलं रडायला लागली. आईबाप कठडा ओलांडून आत घुसले. फिटर हात वर करून सांगत होता, "मोटर लावू नका. दहा माणसं द्या, हाताने फिरवू. हळू." सगळे मिळून त्याचे आठदहा शब्द झाले असतील. पण तो सांगत होता त्याच्या आवाजात, आणि त्याचा आवाज समोर बसलेल्या माणसालाही धड ऐकू जात नाही.

पाळणेवाल्याने पहिला ठोसा मारला, सरळ तोंडावर. "किल्ली दे."

"ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली," फिटर म्हणाला. रक्ताबरोबर म्हणाला. लोकांना वाटलं दारू प्यायलाय.

मग कोण मारत होतं ते सांगता येणार नाही. एक टोपीवाला बाप होता, त्याची मुलगी निळ्या पाळण्यात होती. एक बाई होती, तिने चप्पल काढली होती. तो रांगेतला दांडगाही होता, त्याचं वर कुणीच नव्हतं, तो नुसताच मारायला आला होता. त्यांनी फिटरला खांबावर आपटला, खाली पाडला, पाठीत लाथा घातल्या. कुणाच्या तरी बुटाखाली त्याचा कान आला. त्याने गळ्यातली नाडी तोडून किल्ली उजव्या मुठीत घेतली आणि मूठ छातीखाली दाबून पालथा पडून राहिला. बहीण मध्ये पडली तर तिला केसांना धरून मागे फेकली. ती ओरडत होती, "ऐका त्याचं, अरे ऐका." मग तिने नाद सोडला आणि चाकाखाली जाऊन वर बघून हाका मारायला लागली, "ठमे, बोक्याला धरून बस. हलू नकोस."

मी एकच गोष्ट बघत होते. फिटरने एकदाही हात उचलला नाही. करवतवाल्याचे दात पाडणारा तो हात, आणि दहा जण तुडवत असताना तो कुणावर उगारला नाही. हे मला दिसत होतं. दिसूनही माझ्या डोक्यात एवढंच होतं की माझी पोरं टांगणीला आहेत आणि हा हेकट माणूस किल्ली देत नाही.

मी गर्दीत घुसले. बाई बघून लोक जरा सरकले. मी त्याच्या खांद्यावर गुडघा ठेवला, तो उजवा हात छातीखालून ओढून काढला आणि म्हणाले, "सोड." त्याने माझ्याकडे पाहिलं. एक डोळा बंद झाला होता. "ताई, मोटर नको," तो म्हणाला.

मी बाटली भरलेली होती तशीच मुठीवर घातली. एकदा. मूठ सुटली नाही. दुसऱ्यांदा हाड वाजलं ते मला माझ्या मनगटात कळलं. तिसऱ्यांदा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाहेरच्या बाजूला गेलं आणि किल्ली धुळीत पडली. मी ती उचलून पाळणेवाल्याच्या हातात दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, आणि मला बरं वाटलं.

कुलूप निघालं. स्विच चढला. गाणी जिथे थांबली होती तिथूनच सुरू झाली. चाकाने हिसका घेतला.

आता टक् मलाही ऐकू आलं.

पिवळा शेंड्यावरून खाली यायला लागला. पाव वळसा ठीक आला. मग काहीतरी लोखंडी माझ्यापासून हातभर अंतरावर चाकाखालच्या फळ्यांवर पडलं, मनगटाएवढं जाड, आणि पाळणा एका बाजूने सुटून आडवा झाला. ठमीने दांडी धरली होती. बोक्याला तिने फ्रॉकच्या ओच्यात धरलं होतं. ओचा फाटला.

फिटर कधी उठला ते मी पाहिलं नाही. तो पाळणा जिथे येणार तिथेच उभा होता, हात पसरून. दोन माणसांच्या उंचीवरून बोका त्याच्या अंगावर पडला. डाव्या हातात आला. पण झेलायला दोन हात लागतात, आणि उजव्याची मूठ आवळेना. पोर उजवीकडून निसटलं आणि फळ्यांवर आपटलं. दंडाचं हाड मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मी तोवर दोनदा ऐकला होता, त्यामुळे ओळखला.

कुणीतरी स्विच पाडला. ठमी वर लोंबत होती, रडत नव्हती. मग सगळ्यांनी चाकाला हात घातला, टोपीवाल्याने, चप्पलवाल्या बाईने, आणि हळूहळू हाताने ते फिरवून तिला खाली आणलं. मी मोजली नाहीत, पण दहाच माणसं असतील.

मुलं उतरल्यावर तीच माणसं पाळणेवाल्यावर तुटून पडली. त्याला विडीसकट चोपला. त्याचा गुडघा उलटा झालेला मी पाहिला. फिटर बोक्याला मांडीवर घेऊन खाली बसला होता, तोंडातून रक्ताची तार लोंबत होती. तो मला म्हणाला, "ताई, आधी कुलूप लावा."

लाल कुलूप धुळीत पडलं होतं. मी ते स्विचला लावलं.

दवाखान्यात बापलेकांना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. बोक्याच्या दंडाला प्लास्टर, फिटरच्या हाताला प्लास्टर, शिवाय तीन बरगड्या आणि एक कान. डॉक्टर म्हणाला, बोटं उशिरा आणली, सांधे चुरले आहेत. माझी बहीण चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते "डबा आणलास का" एवढंच. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी जास्त बोलते, म्हणून मी नर्सपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांशी भांडले.

नवव्या दिवशी सगळे घरी आलो. संध्याकाळी जेवायला बसलो होतो. मी बोक्याला भरवत होते. बहीण फिटरचं ताट त्याच्या डाव्या हाताकडे सरकवत होती. ठमी बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"मावशी, तू कधी जाणार?"

"कुठे गं?"

"घराबाहेर. तू हात उचललास ना. मी वरून बघितलं. तीनदा."

"ठमे, जेव गप्प," बहीण म्हणाली.

फिटरने घास खाली ठेवला. त्याला शब्द जुळवायला वेळ लागला. "राहू दे मावशीला. तिने तुमच्यासाठीच केलं."

"मिक्सरच्या वेळी तुम्ही पण तसंच म्हणाला होतात," ठमी म्हणाली. "तेव्हा मावशी म्हणाली, कारण काहीही असो."

तोंडाला कुलूप लागणं म्हणतात ते मी बावन्न वर्षांत पहिल्यांदा अनुभवलं. मी बोक्याचा शेवटचा घास भरवला, हात धुतले आणि पुढच्या खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली. शिवणयंत्र नंतर नेता आलं असतं.

बहीण दारात आली. तिच्या ओठावर तिसऱ्या वेळची खूण अजून होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिला कळलं मी काय विचारतेय ते.

"जा ताई," ती म्हणाली. "आता मी बघते."

पिशवीची चेन अडकली. मी ओढली तरी ती सरकेना. फिटर खाली वाकला, बरगड्यांमुळे एकदा कण्हला, डाव्या हाताने चेन मागे घेतली, दोऱ्याचं अडकलेलं टोक काढलं आणि शेवटपर्यंत ओढून दिली.

रस्त्यावर आल्यावर मी मागे वळून पाहिलं. खिडकीत ठमी उभी होती. मी खरंच जाते की नाही, ते ती बघत होती.